तिसरा रकाना: वेळ

आबा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, आणि मी आता यंत्रांना वाचायला कागद लिहितो. हे तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, 'यंत्राला वाचता येतंय?' येतं. आपल्यापेक्षा भरभर येतं. फक्त माणूस वाचताना मधेच थांबतो, डोकं खाजवतो, 'हे जरा वेगळंच दिसतंय' म्हणतो, तसं ते करत नाही. लिहिलं तेवढं खरं धरून पुढं निघतं. त्यामुळं त्याच्यासाठी लिहिणाऱ्यानं फार सांभाळून लिहावं लागतं, आणि तसं सांभाळून लिहिणारा माणूस आपल्या मुलखात माझ्याशिवाय दुसरा नाही, असं मी या पावसाळ्यापर्यंत समजत होतो.

तुमच्या खिशात शेवटपर्यंत बटनांचा फोन होता, म्हणून आधी कामाचं सांगतो. आता प्रत्येकाच्या हातात पाटीएवढा फोन आहे आणि लोक दिवसभर त्यावर काहीबाही टाकत असतात. कुणाची म्हैस हरवली, कुठं रस्ता खचला, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, तहसीलची सूचना. आपल्या चावडीवरच्या फळ्यासारखंच, पण हा फळा कधी भरत नाही आणि कुणी पुसतही नाही. नवं आलं की वर, जुनं खाली. या वाहत्या यादीला फीड म्हणतात. मी ज्यांचं काम करतो त्या हैदराबादच्या कंपनीनं एक अवजार बनवलं. सांगितलेल्या पानांची फीड उचलून आणायची आणि चार रकान्यांत मांडून द्यायची. कुणी टाकलं, काय टाकलं, कधी टाकलं, कुठं सापडेल. हे अवजार माणूस हातात घेत नाही, एजंट घेतो. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, की त्याला काम सांगावं आणि कोणतं अवजार कधी उचलायचं ते त्यानं स्वतः ठरवावं. त्याला अवजार दिसत नाही. अवजाराबद्दल लिहिलेला कागद दिसतो, आणि त्या कागदात असेल तेवढंच त्याचं जग. तो कागद मी लिहिला.

मला हे कुणी शिकवलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते तुम्हाला माहीतच आहे. उमरीला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचो तेव्हा एकदा प्रिंटर बंद पडला. नांदेडचा मेकॅनिक तीन दिवसांनी येणार होता. मी खोक्यातलं इंग्रजी पुस्तक काढलं, शेजारी डिक्शनरी घेतली आणि पहिल्या पानापासून वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालू झाला, आणि मला कळलं की पुस्तकात पाचवी आणि सहावी पायरी उलटसुलट छापली आहे. मी कंपनीला तसं कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही, पण त्या दिवसापासून मला दुसऱ्याच्या कागदातली चूक दिसायला लागली. पुढं इंटरनेट आलं आणि मी लोकांचे कागद फुकटात दुरुस्त करत सुटलो. त्यातूनच हे काम मिळालं. नांदेडच्या घरात खिडकीजवळ टेबल टाकून बसतो. माय होती तोवर विचारायची, 'बसून बसून कशाचा पगार देतेत रं तुला?' मी म्हणायचो, 'चुका काढायचा.' ती म्हणायची, 'मग तुझ्या आबालाच द्यायचा की त्यो.'

तिचं बरोबर होतं. आज्यानं धम्म घेतला त्या साली भिंतीवरची हलगी काढली ती पुन्हा लावली नाही. पुढं कोतवालकी तुमच्याकडं आली तेव्हा तुम्ही तलाठ्याला उभ्या उभ्या सांगितलंत, नोटिसा बजावीन, दप्तर उचलीन, दवंडी देईन, पण हलगी वाजवणार नाही. मग शाळेतून बाद झालेली पितळी घंटा मागून आणलीत आणि ती वाजवत गावभर फिरलात. पारावरची माणसं दात काढायची. 'काय कोतवाल, शाळा भरली का सुटली?' तुम्ही चालता चालताच म्हणायचात, 'तुमची भरलीच कवा व्हती, पाटील?' मला त्या घंटेची लाज वाटायची. पाटलाला उलट बोलायची भीती वाटायची. तुम्ही कागद बोट ठेवून, सावकाश वाचायचात आणि घंटा वाजवण्याआधी एकदा डोळे मिटून पाठ म्हणायचात. मी काही शिकलो असेन तर ते त्या मिटल्या डोळ्यांतून. हे तुम्ही होतात तोवर कबूल केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात हैदराबादहून एक पत्र माझ्याकडं पाठवलं गेलं, कारण ते मराठीत होतं. लिहिणारी चाकूरकडची एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, बाप काळीपिवळी जीप चालवणारा. पावसाळ्यात कोणता रस्ता चालू, कोणत्या पुलावर पाणी, हे स्टँडवरच्या जीपवाल्यांना आणि दुधाच्या गाड्यांना वेळेवर कळत नाही, म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यानं एक एजंट उभा केला होता. ड्रायव्हरनं फोनवर बोलून विचारायचं, 'अमका पूल चालू हाय का?' एजंट आमच्या अवजारानं आसपासच्या पानांची फीड बघणार, ग्रामपंचायतींची, तहसीलची, दोनचार पत्रकारांची, आणि उत्तर देणार. आपल्या भागातली पोरगी, माझा कागद वाचून, असलं काही करते, याचा मला किती आनंद झाला ते काय सांगू. फोन केला. ती मला लगेच काका म्हणायला लागली. मी दहा जणांना सांगितलं, बघा, कागद नीट लिहिला की असं होतं.

आता मूळ गोष्ट. चार रकान्यांतला तिसरा रकाना वेळेचा. कागदात त्याच्यापुढं लिहिलं आहे, 'पोस्टची वेळ.' पण ही वेळ दोन प्रकारची असू शकते. एखाद्यानं आज नवीन काही लिहिलं तर ती वेळ आजची आणि मजकूरही आजचा. एखाद्यानं गेल्या वर्षीचंच काही आज पुन्हा पुढं पाठवलं, तर आमचं अवजार मजकूर गेल्या वर्षीचा उचलतं आणि त्यापुढं वेळ आजची लिहितं. हे मला चाचणी करताना दिसलं होतं. दिसल्याबरोबर मी कागदात एक वाक्य घातलं होतं, की पुन्हा पाठवलेल्या पोस्टचा मजकूर जुना असू शकतो, ही वेळ मजकुराची समजू नये. चांगलं वाक्य होतं. मग हैदराबादचा पोरगा, जो माझे कागद तपासतो, म्हणाला, 'सर, बहुत लंबा हो गया. मशीन हर बार पूरा पढ़ता ना, देर लगती. थोड़ा काटो.' मी म्हणालो, एका पानात बसवून दाखवतो. मला बसवून दाखवायचंच होतं. अकरा ओळी काढल्या, आणि त्यांत हे वाक्य गेलं. काढताना वाटलं, हे तर कुणालाही कळेल. कुणालाही म्हणजे माणसाला. ज्याला डोकं खाजवता येत नाही त्याच्यासाठी लिहितो हे जगाला सांगत फिरणारा मी, नेमका तिथंच माणूस समोर धरून बसलो. पोरगा म्हणाला, 'वाह सर, एकदम क्लीन.' मी तो कागद छापून भिंतीला लावला होता.

त्या मुलीशी पहिल्यांदा फोनवर बोललो त्यानंतर महिनाभरानं तिचा निरोप आला. शब्दन् शब्द माझ्याकडं आहे. 'काका, एक विचारू? तिसऱ्या रकान्यातली वेळ म्हणजे नेमकी कशाची? मजकूर लिहिल्याची की पानावर आल्याची?' एवढा नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. तुम्ही असता तर तिच्या पाठीवर हात ठेवला असता. मला राग आला. माझ्या एका पानाच्या कागदात कुणाला शंका येते म्हणजे काय? मी लिहिलं, 'कागदात दिलं आहे. पोस्टची वेळ. कागद एकदा शांतपणे वाचावा.' ते काढलेलं वाक्य त्या क्षणी मला आठवलं होतं का? आठवलं होतं. परत घालायचं तर पान दोन झालं असतं, आणि त्या पोराला सांगावं लागलं असतं की माझं चुकलं. तिचं उत्तर आलं, 'हो काका, सॉरी.'

पावसाळ्यातल्या एका सकाळची गोष्ट. दोन दिवस झड लागलेली. तिकडच्या एका पत्रकाराच्या फोननं त्याला दाखवलं की गेल्या वर्षी याच दिवशी तुम्ही काय टाकलं होतं. फोन असं अधूनमधून दाखवतो, आठवण म्हणून. त्यानं बटन दाबलं आणि गेल्या वर्षीची बातमी पुन्हा आपल्या पानावर टाकली. वर एक शब्द लिहिला नाही. बातमी अशी होती की पुलावरचं पाणी ओसरलं, वाहतूक सुरळीत. थोड्या वेळानं दुधाच्या गाडीवाल्यानं निघताना फोनला विचारलं. एजंटनं फीड बघितली, तिसरा रकाना बघितला आणि सांगितलं, 'पूल चालू आहे. माहिती वीस मिनिटांपूर्वीची.' गाडीवाला पन्नाशीतला, त्या पुलावरून आयुष्य काढलेला. पुलाअलीकडच्या टपरीवाल्यानं त्याला हात केला होता. 'थांब की घटकाभर, पाणी वळखू येईना झालंय.' तर हा म्हणाला, 'वीस मिन्टांखालचीच खबर हाय. दूध नासतंय हिकडं.' वरून पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. मधला स्लॅब खालून वाहून गेला होता. गाडी दुसऱ्या दिवशी खाली बाभळींत सापडली, तो आतच होता. फोन त्यानं पावसाचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवलेला. तो चालू होता, आणि त्यावर ते उत्तर तसंच होतं.

त्या उत्तराचा फोटो दुपारपर्यंत सगळ्या फोनांवर फिरला. खाली लोकांनी लिहिलं, पोरीच्या मशिनीनं माणूस खाल्ला. आमची बैठक फोनवरच झाली. कंपनीचे साहेब म्हणाले, असल्या जोखमीच्या कामाला अवजार वापरू नये असं अटींत लिहिलंय, त्यामुळं जबाबदारी वापरणाऱ्याची. तो पोरगा हळूच म्हणाला, 'सर, आपका डॉक तो सही है ना?' मी म्हणालो, 'हाँ, सही है.' पंधरा मिनिटांत बैठक संपली. मुलीचं खातं बंद केलं गेलं, आणि मी उठून भिंतीवरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. तो भाग अजून तसाच आहे.

तेव्हापासून मला तांड्याची ती गोष्ट सारखी आठवते. मी एकोणीस वर्षांचा, तुम्हाला हिवताप भरलेला, आणि दवंडी माझ्याकडं आली. कागदात होतं, उद्या सकाळी शाळेत पोलिओचा डोस. संध्याकाळी मी गावात फिरलो. अंधार पडला म्हणून माळावरच्या तांड्याला गेलो नाही, सकाळी उठून गेलो, आणि तिथंही कागदाबरहुकूम वाचलं, उद्या सकाळी. तांड्यातल्या बाया दुसऱ्या दिवशी पोरं काखोटीला मारून शाळेत आल्या तेव्हा शाळेला कुलूप. तुम्ही बाजेवरूनच ऐकलंत. ओरडला नाहीत. म्हणालात, 'कागदात उद्या व्हतं म्हणून तू उद्या म्हणला? कागदाला काय कळतंय, रात सरली का न्हाई?' मी म्हणालो, मी एक अक्षर बदललं नाही. तुम्ही म्हणालात, 'त्येच तर.' मग घोंगडी पांघरून उठलात. अंगात ताप असताना माझ्याबरोबर माळ चढलात, तांड्याबाहेर लिंबाखाली बसलात आणि मला म्हणालात, 'जा. एकेका दारात सांग, चूक माझी. तलाठ्याची न्हाई, कागदाची न्हाई.' बावीस घरं होती. सातव्या की आठव्या घरातली म्हातारी म्हणाली, 'कळलं बाबा तुझी चूक. पन तापल्या बापाला कशाला उन्हाचं हिकडं आनलास, ती कुनाची चूक?' मी रडकुंडीला आलो होतो, ती हसत होती. बावीस दारं झाल्यावर तुम्ही तसेच आरोग्य केंद्रात गेलात, नर्सबाईला हात जोडलेत, आणि ती तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. सगळ्या पोरांना डोस मिळाला. मी त्या वेळी तुमच्यावर इतका चिडलो होतो की पंधरा दिवस बोललो नाही. तिथं नर्सबाई परत आली, आबा. इथं कोण येणार आहे?

शेवटी मी चाकूरला गेलो. नांदेडहून लातूरची एसटी धरली, अहमदपूर ओलांडलं आणि सगळा रस्ता मनात वाक्यं जुळवत राहिलो. दारातच जीप उभी होती, ताडपत्री घातलेली, दोऱ्या आवळलेल्या. भर दिवसा जीपवाला घरात बाजेवर बसला होता. 'या, या. नांदेडचे काका व्हय? पोरगी लई नाव घेती तुमचं.' तिच्या आईनं पाण्याचा तांब्या आणला.

तुम्ही मयतीचा निरोप घेऊन परगावी जायचात तेव्हाचं मला पक्कं माहीत आहे. भर उन्हात दोन कोस चालून गेलात तरी त्या घरचं पाणी आधी घ्यायचा नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून, डोक्याचा रुमाल काढून, आधी सांगायचात. मग कुणी दिलं तर प्यायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, 'आधी पानी पेलं की निरोप पोटात जिरतो. मग तोंडातून भलतंच निगतंय.' हे सगळं मला त्या दारात उभं असताना आठवत होतं, आणि मी तांब्या घेतला. पाणी प्यालो. मग बसलो. मग चहा आला.

जीपवाला सांगत होता, 'स्टँडवर माझ्या गाडीचा नंबर लागंना झालाय. गेलं की म्हंतेत, आधी पोरीला इचारून या, रस्ता चालू हाय का, मग गाडी काढा. पंचवीस वर्सं झाली मला त्या स्टँडवर. ज्याला मी गाडी शिकीवली त्यो म्हंतोय.' तो हे हसत हसत सांगत होता, आणि मधेच हसणं थांबवून पायाच्या नखाकडं बघत बसला. मुलगी दारातून आली. फोनवरच्या आवाजावरून मला ती मोठी वाटली होती. प्रत्यक्षात किरकोळ, डोळे सुजलेले. म्हणाली, 'काका, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? कागद तर तुमचा एकदम साफ होता. माझंच चुकलं. मी विचारलं होतं तुम्हाला, पण मला नीट विचारता आलं नाही. शांतपणे वाचायला पाहिजे होता.' माझेच शब्द. तिनं ते टोचायला नाही म्हटले, आबा. तिला ते खरे वाटत होते.

मी म्हणालो, 'यंत्राचं असंच असतं, बाई. त्याचा भरवसा नाही.'

'मी त्यांच्या घरी गेले होते,' ती म्हणाली. 'त्यांच्या मुलानं दारातूनच परतवून लावलं. म्हणाला, आता कोनता रस्ता सांगायला आलीस? बरोबरच आहे त्याचं.' तिची आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, 'सोयरीक आली व्हती एक. आता फोन बी उचलंनात.' मी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता. निघताना जीपवाला मला स्टँडपर्यंत सोडायला आला, चालत. तिथं ड्रायव्हरांचा घोळका होता. आम्हाला बघून बोलत होते ते थांबले. मला कुणीच ओळखत नव्हतं, आणि मी तो रस्ताभर मान ताठ ठेवून चाललो. परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की अशा घरात जाऊन आणखी एक दुःख कशाला सांगायचं. तुम्ही शेजारच्या सीटवर असता तर खिडकीबाहेर बघितलं असतं.

घरी आल्यावर पहिलं काम कागदाचं केलं. ते वाक्य परत घातलं. आता ते दीड पान आहे आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बदल केला की काय बदललं ते एका ओळीत नोंदवावं लागतं. मी नोंदवलं, 'वर्णन अधिक स्पष्ट केले.' चार दिवस त्या ओळीकडं बघत काढले. जेवताना, भाजी आणताना, गुरुद्वाऱ्याकडच्या गर्दीतून सायकल काढताना, तीच ओळ. पाचव्या दिवशी सकाळी बसलो आणि पत्र लिहिलं. एकच मजकूर, साहेबांना आणि त्या मुलीला. की वेळेचा रकाना काय दाखवतो ते मला ठाऊक होतं. की या मुलीनं मला नेमका तोच प्रश्न आधी विचारला होता, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. तिचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही जसंच्या तसं जोडलं. की चूक कागदाची आहे, कागद माझा आहे, तिची काहीही चूक नाही, आणि हे ती कुणालाही दाखवू शकते. पाठवून टाकलं.

साहेबांचं उत्तर आलेलं नाही. तो पोरगा फोन करून म्हणाला, 'सर, क्यूँ लिखे? किसी ने पूछा था क्या?' काम राहील की जाईल ते माहीत नाही. जाईल असं वाटतं. जीपवाल्यानं पत्राची प्रत काढून स्टँडवर नेली. दोघांनी वाचली, तिसरा म्हणाला, 'नांदेडचा कोन म्हंतोय म्हून मानूस परत येतंय का?' नंबर अजून लागत नाही. ज्याचा माणूस गेला त्या घरी मी गेलो नाही. जाणार आहे असं रोज म्हणतो.

मुलीचं उत्तर मात्र त्याच संध्याकाळी आलं. ते इथं उतरवतो. 'काका, वाचून खूप रडले. बाबांना वाचून दाखवलं. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. एवढ्या कामात एखादं वाक्य लिहायचं राहून जातं, माणूसच आहे.'

पत्रात मी तसंच लिहिलं होतं, आबा. की ते वाक्य कागदात घालायचं राहून गेलं. बाकी सगळं खरं लिहिलं, तेवढं एक तसं लिहिलं. लिहून, वाचून, एका पानाच्या हौसेपायी मी ते माझ्या हातानं काढलं होतं, हे तिला माहीत नाही. साहेबांनाही नाही. तिनं मोठ्या मनानं जे माफ केलं, ते मी केलेलंच नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता हे कुणाच्या दारात जाऊन सांगणार नाही.